ज्येष्ठ नागरिक संघ वाढदिवसांपुरता ठेवू नका: संघ कसा उभा करायचा आणि कामाला कसा लावायचा

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघांची काही कमी नाहीये. पुण्या-मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत, नाशकात तर चार सोसायट्या ओलांडल्या की एखादा संघ सापडतो, आता तालुक्याच्या गावांतही चांगले चालू आहेत. पण बऱ्याच ठिकाणी सगळं सकाळचा हास्यक्लब, महिनाअखेरचे वाढदिवस, कोजागिरी आणि वर्षाची एक सहल इथेच थांबतं. हे सगळं हवंच, जोडीदार गेल्यावर नुसत्या संध्याकाळच्या कट्ट्याच्या जोरावर उभी राहिलेली माणसं मी बघितली आहेत, त्यामुळे त्याला कमी लेखत नाही. पण संघाकडे अजून एक ताकद असते जी बहुतेक संघ वापरतच नाहीत. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, साहेब नाहीत उद्या या, असं चार वेळा ऐकलं की तो माणूस जायचंच सोडून देतो. तेच काम संघाच्या लेटरहेडवर गेलं, खाली सह्या असल्या, पोच घेतलेली असली आणि दर पंधरा दिवसांनी संघाचं कुणीतरी हसतमुखाने चौकशीला हजर होत असलं तर तो कागद पडून राहणं अवघड होतं. मी आमच्या संघाची कार्यवाह म्हणून काम बघते, आणि बाकीच्या संघांचे लोक सारखे विचारतात की तुम्ही हे करता कसं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी माणसं, मग कागद

संघ नवा काढायचा असेल तर सुरुवात धर्मादाय ऑफिसातून करू नका. आधी तुमच्या भागात ६० च्या वरचे कोण कोण आहेत त्याची एक वही करा. नाव, वय, फोन, मुलाचा किंवा मुलीचा फोन, एकटे राहतात का, कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, पेन्शन कुठली (सरकारी, बँकेची, ईपीएफची, श्रावणबाळ, का काहीच नाही), ऐकू कमी येतं का, चालता येतं का. ही वही पुढे प्रत्येक कामाला लागते. निवेदनात "आमच्या भागातल्या अनेक ज्येष्ठांना त्रास होतो" असं लिहिलं तर कुणी बघत नाही, तिथे नेमका आकडा आणि त्यांच्या सह्या लागतात आणि तो आकडा या वहीतूनच येतो.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. कट्ट्यावर येणारे लोक बहुतेक पेन्शनवाले असतात, बँकेतून, शाळेतून, झेडपीतून निवृत्त झालेले. ज्यांना संघाची खरी गरज आहे ते तिथे येतच नाहीत. धुणीभांडी करून आयुष्य काढलेल्या बाया, वॉचमन, बांधकामावरचे मजूर, अंथरुणाला खिळलेले, आणि ज्यांना घरून बाहेरच सोडत नाहीत ते. त्यांच्या घरी जाऊन नावं लिहून आणा. वर्गणी ठेवायचीच, फुकटच्या संघाला कुणी आपला म्हणत नाही, पण ज्यांना परवडत नाही त्यांना वर्गणी माफ करायचा अधिकार कार्यकारिणीला संघाच्या घटनेतच (नियमावलीत) देऊन ठेवा, म्हणजे दर वेळी कुणाला हात पसरावा लागत नाही आणि सभेत नावंही घ्यावी लागत नाहीत.

कार्यकारिणीत मोठ्या हुद्द्याचे साहेब असले की बरं वाटतं खरं, पण कामाला येतो तो तहसीलमधून निवृत्त झालेला अव्वल कारकून. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो, आवक नंबर म्हणजे काय, फाईल कुणाकडे अडते हे त्याला तोंडपाठ असतं. असा एक माणूस, बँकेतला एक, मोबाईल-कंप्युटर येणारा एक, आणि बायका निम्म्या तरी. बायकांना नुसतं सांस्कृतिक समितीत टाकू नका. विधवा बाईची घरातली अडचण ती बाईजवळच बोलते, चार पुरुष टेबलापलीकडे बसलेले असले तर "काही नाही, सगळं बरं आहे" म्हणून उठून जाते.

नोंदणी

नोंदणीशिवाय कट्टा चालतो, पण हक्काचं काम होत नाही, त्याचं कारण पुढे सांगते. आपल्या राज्यात संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवतात, त्याला किमान ७ जण लागतात, आणि मग तिचीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट म्हणून नोंद होते. दोन्हींची कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होतात. विधानपत्र, नियमावली, पहिल्या कार्यकारिणीची यादी, सगळ्यांची आधार-पॅन, ऑफिसचा पत्ता ज्याच्या घरचा असेल त्याचं संमतीपत्र आणि लाईट बिल. नंतर संघाचं पॅन आणि बँकेत खातं, सह्या कायम दोघांच्या.

घटना लिहिताना दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाची झेरॉक्स आणून नाव बदलू नका, उद्देशांच्या कलमात काय लिहिलंय ते महत्त्वाचं असतं. "सांस्कृतिक व आरोग्यविषयक उपक्रम राबवणे" एवढंच असेल तर उद्या कुणी अधिकारी म्हणेल की हे तुमचं काम नाही. त्यात स्पष्ट लिहा: ज्येष्ठांच्या हक्कांसाठी शासन, महापालिका, ग्रामपंचायत, बँका यांच्याकडे पाठपुरावा करणे, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सभासद तसेच सभासद नसलेल्या ज्येष्ठांच्या वतीने अर्ज करणे.

नोंदणी झाली की दरवर्षीचं ऑडिट आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, या दोन गोष्टी चुकवू नका. कित्येक जुन्या संघांची धर्मादायमध्ये अजून वीस वर्षांपूर्वीचीच मंडळी विश्वस्त म्हणून दिसतात, त्यातले निम्मे वारलेत, आणि मग बँक खात्यापासून सगळीकडे अडतं.

यानंतर फेस्कॉमचं सभासद व्हा. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा हा महासंघ, त्याचे प्रादेशिक विभाग आहेत, आणि देशपातळीवर तसाच आयस्कॉन हा महासंघ आहे. तुमच्या रस्त्यावरचा खड्डा फेस्कॉम बुजवणार नाही, पण मंत्रालयात जे मागायचं असतं ते एका संघाने मागून होत नाही.

कागदपत्रांची मदत

सगळ्यात जास्त लोक संघाशी जोडले जातात ते यामुळे. आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, दोघं जण टेबल टाकून बसतील, एक मोबाईल, एक प्रिंटर, एक फाईल. योजना भरपूर आहेत पण माहिती अर्धवट असते, त्यामुळे पाठ करून ठेवण्यासारख्या सांगते.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, वय ६५ च्या वर, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, महिन्याला १,५०० रुपये (जुलै २०२३ पासून, त्याआधी १,००० होते). अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. इथे बहुतेक अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात, आणि मिळायला लागल्यावर आधार-बँक जोडणीवर. पैसे एकदम बंद झाले म्हणून कुणी रडत आलं तर आधी बँकेत आधार जोडलेलं आहे का ते बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

मुख्यमंत्री वयोश्री योजना, ६५ च्या वर, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात, वस्तू घेतल्याचं बिल जपून ठेवायचं. आयुष्मान कार्ड ७० च्या वरच्या सगळ्यांना, इथे उत्पन्नाची अट नाहीये, ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण कार्ड काढून दिलं म्हणजे संघाचं काम झालं असं नाही. तुमच्या भागातली कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत आणि त्यातली कुठली खरंच पेशंट घेतात, हे फोन करून विचारा आणि लिहून भिंतीवर लावा, कारण रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागल्यावर ते कुणी शोधू शकत नाही. एसटीत ६५ ला अर्ध तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना मोफत, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं शिबिर तर प्रत्येक संघाने घ्यायलाच पाहिजे. ८० च्या वरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांना गर्दीत उभं करू नका. ईपीएफच्या पेन्शनवाल्यांचा दाखला वर्षात कधीही चालतो आणि दिल्यापासून बारा महिने धरतात. आमच्याकडच्या शिबिरात एक आजी आल्या होत्या, आयुष्यभर भांडी घासलेले हात, अंगठ्याच्या रेषा जवळजवळ पुसल्याच होत्या. मशीनवर बसलेला मुलगा काच पुसतोय, आजींचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतोय, परत लावतोय, परत लाल दिवा, आणि आजींचा चेहरा पडत चालला कारण त्यांना वाटलं आता पेन्शन गेली. मग त्यांना खिडकीजवळ उजेडात बसवलं, मोबाईलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे ती उघडली, आजींना सांगितलं समोर बघून डोळे मिटून उघडा, आणि झालं की. ही सोय जीवन प्रमाण ॲपमध्ये आहे, फोनला आधारचं फेस आरडी ॲप लागतं, हातांची कामं केलेल्या प्रत्येक माणसासाठी अंगठ्याच्या आधी हेच वापरा. आणि जे अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी फोन घेऊन जा.

बँकेचंही तसंच आहे. ७० च्या वरच्या खातेदारांना पैसे काढणं-भरणं, चेकबुक अशा साध्या गोष्टी घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवलंय. ब्रँचमध्ये विचारलं तर "आमच्याकडे नाही" म्हणतील, तेव्हा लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

घरातला त्रास आणि प्रांत ऑफिस

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि संघ इथेच मागे सरतात. "घरगुती मामला आहे, आपण कशाला पडायचं" असं म्हणतात. पण २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने संघांना मुद्दाम जागा ठेवलेली आहे. कलम ५ प्रमाणे निर्वाहभत्त्याचा अर्ज ज्येष्ठ स्वतः करू शकतो, आणि त्याला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि संस्था म्हणजे नोंदणी झालेली संस्था. म्हणून वर नोंदणीचा एवढा आग्रह धरला.

अर्ज प्रांत ऑफिसात, प्रांताधिकारी तिथे निर्वाह न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत कायद्यात लिहिलाय. समोरच्याला नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर ३० दिवस वाढ. मधल्या काळात अंतरिम भत्ता मागता येतो, तो अर्जातच मागा, नंतर सुचून उपयोग नाही. मूलबाळ नसलेल्यांना ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे त्याच्याकडून मागता येतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील. वकिलाशिवाय चालावं अशीच कायद्याची रचना आहे, कलम १७ तसं म्हणतं, पण काही हायकोर्टांनी यावर वेगळे निकाल दिलेत, तेव्हा समोरून वकील आला तर दचकू नका.

घर नावावर करून दिल्यावर बाहेर काढल्याच्या केसेस सर्वात जास्त येतात. त्यासाठी कलम २३ आहे. सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द मागता येतं, आणि ज्येष्ठाला स्वतः जमत नसेल तर इथेही संस्था त्याच्या वतीने जाऊ शकते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे, जानेवारी २०२५ च्या निकालात कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलंय. पण तुमच्या सभासदाने कोर्टाच्या उदारपणावर कशाला अवलंबून राहायचं? संघात दरवर्षी एक तास याच विषयाला द्या आणि एवढंच सांगा की बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळाची अट शब्दांत लिहून घ्या, आणि शक्यतो बक्षीसपत्र न करता मृत्युपत्र करा, म्हणजे जिवंत असेपर्यंत घर आपलंच राहतं. मुलगा कितीही चांगला असला तरी. चांगल्या मुलाला त्या अटीचा काहीच त्रास होत नाही.

आता प्रत्यक्षात कसं करायचं. माणूस सांगायला येतो तेव्हा त्याला केस नको असते, जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य "पोराला काही व्हायला नको" हेच असतं. म्हणून पहिल्या दिवशी अर्जाचा फॉर्म समोर ठेवू नका. ऐकून घ्या, एकाने किंवा दोघांनी, दार लावून. मग विचारा की मुलगा कुणाचं ऐकतो, संघातलं किंवा बाहेरचं, एखादे मास्तर, मामा, वडिलांचे मित्र, आणि त्यांना घेऊन घरी जा. बऱ्याच वेळा भांडण पैशाचं नसतंच, आजीच्या खोलीत नातवाचं टेबल आलं आणि आजीचं सामान गॅलरीत गेलं असलं काहीतरी असतं, आणि बाहेरची दोन माणसं येऊन बसली की ते सुटतं. नाही सुटलं तर अर्ज. मारहाण, जेवण बंद, कोंडून ठेवणं असेल तर बोलणी वगैरे करत बसू नका, सरळ ११२ लावा, पोलिसांत जा. ज्येष्ठाला सोडून देणं हा कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. सल्ला हवा असेल तर एल्डरलाईन १४५६७, टोल फ्री आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

दोन पथ्यं कडक पाळा. त्या माणसाच्या इच्छेशिवाय आणि लेखी अधिकारपत्राशिवाय काहीही दाखल करायचं नाही. आणि यातला एक शब्दही व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा कट्ट्यावर जाता कामा नये, एकदा गेला की पुढचा माणूस संघाकडे कधीच येणार नाही. अर्ज दाखल झाला की तारखांना त्यांच्याबरोबर जा. प्रांत ऑफिसच्या बाकावर एकीकडे आई आणि दुसरीकडे मुलगा-सून बसतात, तिथे आईच्या शेजारी आपलं कुणीतरी बसलेलं असणं याला फार किंमत आहे, पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी एवढंच हातात असलं तरी.

निवेदन द्यायची पद्धत

फुटपाथ, सिग्नल, बसची पायरी, दवाखान्यातली वेगळी रांग (कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आहे, बोर्ड नसेल तर मागा), विरंगुळा केंद्राची जागा, अशी कामं निवेदनाने होतात, पण निवेदन लिहायला जमलं पाहिजे. आपल्याकडे तीन पानांचं निवेदन, त्यात बारा मागण्या, वर "मायबाप सरकार" आणि मग पुढाऱ्याला गुच्छ देतानाचा फोटो पेपरात, की झालं समाधान. असं निवेदन कुठल्याच टेबलावर टिकत नाही, कारण बारा मागण्या बारा खात्यांच्या असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एक निवेदन, एक विषय, एक पान. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच नावाने. एसटीच्या थांब्यासाठी आगार व्यवस्थापक आणि प्रत विभाग नियंत्रकांना, फुटपाथसाठी वॉर्ड ऑफिसचे सहायक आयुक्त, सिग्नलसाठी वाहतूक शाखा, स्टेशनवरच्या लिफ्टसाठी रेल्वेचे डीआरएम (विभागीय व्यवस्थापक). आमदार-नगरसेवकांना प्रत द्यायची, मूळ अर्ज नाही. सोबत संघाच्या सभेतला ठराव, सह्यांची यादी आणि पुरावा. आमच्या भागातला एक चौक होता, बँकेत जायला तोच ओलांडावा लागायचा. नुसतं "सिग्नल कमी पडतो" लिहिण्याऐवजी आमची मंडळी सकाळी तिथे मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभी राहिली, हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते लिहिलं, आणि काठी घेऊन चालणाऱ्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सभासदांना किती सेकंद लागतात तेही लिहिलं, रोजचा तक्ता करून जोडला. वाहतूक शाखेच्या साहेबांनी तो तक्ता वाचला आणि माणूस पाठवून वेळ मोजायला लावली, त्यापुढे वाद घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

देताना दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. शिक्का नाही तर निवेदन दिलंच नाही असं समजा. संघात एक जावक रजिस्टर ठेवा, काय दिलं, कुठे, आवक नंबर, पुढे कधी जायचं, कोण जाणार. पंधरा दिवसांनी जा, आवाज न चढवता फाईल कुणाकडे आहे तेवढं विचारा. महिन्याने स्मरणपत्र, त्यात आधीचा आवक नंबर. तरी हालचाल नाही तर माहिती अधिकार: अमुक तारखेच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या. १० रुपये फी, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ३० दिवसांत उत्तर. माहिती अधिकार नागरिकाला आहे, तेव्हा अर्ज संघाच्या नावाने न करता कार्यवाहाने स्वतःच्या नावाने करा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बऱ्याचदा माहिती मागितल्याबरोबर कामच सुरू होतं.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक गाऱ्हाणंच घेतात, म्हणून संघाचं निवेदन तिथे नेऊ नका, ज्या सभासदाचं काम अडलंय त्याच्या नावाने अर्ज करा आणि लिहायला, पोचवायला मदत करा. अर्ज १५ दिवस आधी जायला लागतो. गावात असाल तर ग्रामसभा हेच तुमचं मोठं हत्यार, वर्षाला किमान चार होतात, पाच-पन्नास म्हातारी माणसं ठरवून पहिल्या रांगेत बसली आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठली नाहीत तर सरपंचाला दुर्लक्ष करता येत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवतात, २००६ पासूनची पद्धत आहे, बाकडी, रॅम्प, रेलिंग अशी छोटी कामं त्यात द्या.

निवडणुका आल्या की सगळे उमेदवार कट्ट्यावर येतात. सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना तोच एक कागद द्या, त्यांच्याकडून सही घ्या. पण कुणाच्या पैशाने सहल नको, छत्र्या नकोत, संघाच्या नावाने कुणाला पाठिंबा नको. सभासद आपापलं मत कुणालाही देतील. संघ एकदा एका पक्षाचा झाला की पुढची पाच वर्षं दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाकडे कुठल्या तोंडाने जाणार?

मोठ्या मागण्या

काही गोष्टी गल्लीत सुटत नाहीत. रेल्वेची सवलत, पुरुषांना ६० ला ४० टक्के आणि बायकांना ५८ ला ५० टक्के होती, ती २० मार्च २०२० ला कोरोनाच्या नावाखाली बंद झाली आणि कोरोना गेला तरी सुरू झाली नाही. ईपीएस ९५ ची, म्हणजे ईपीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे, हजार रुपयांत महिन्याच्या गोळ्याही येत नाहीत. त्यासाठी पेन्शनर संघटनेने बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं, ७,५०० आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी आहे. आणि राज्याच्या धोरणात २०१८ पासून ज्येष्ठ म्हणजे ६० वर्षं, पण श्रावणबाळला आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५ लागतात, वय एकच करा ही मागणी तर अगदी साधी आणि न्यायाची आहे. अशा वेळी तुमच्या संघाने काय करायचं? आपल्या वहीतून आकडा काढायचा, आमच्याकडे हजाराच्या आसपास पेन्शन घेणारे इतके, त्यांचा औषधांचा खर्च इतका, आणि तो कागद तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला द्यायचा, म्हणजे संसदेत विचारायला त्याच्या हातात त्याच्याच मतदारांचं काहीतरी असेल. प्रत फेस्कॉमला. ईपीएफच्या वैयक्तिक अडचणींसाठी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे पेन्शनरला घेऊन जा.

१ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो आणि १५ जूनला ज्येष्ठांच्या छळाविरुद्धचा दिवस. या दोन तारखांना अधिकारी आणि पेपरवाले दोघंही ज्येष्ठांसाठी वेळ काढतात, तेव्हा हार-तुऱ्यात दिवस न घालवता तुमची वर्षाची सर्वात महत्त्वाची मागणी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

फसवणुकीबद्दल थोडंसं, कारण ती दर महिन्याला कुणाची ना कुणाची होतेच. "डिजिटल अरेस्ट" नावाचं काही कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर कुठलाही पोलीस अटक करत नाही, हे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मोठ्याने सांगा. पैसे गेले तर पहिल्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि जो फसला त्याला कुणीही शहाणपण शिकवायचं नाही, नाहीतर पुढचा लपवून ठेवतो आणि तो तास निघून जातो. एकटे राहणाऱ्यांची यादी त्यांच्या परवानगीने पोलीस ठाण्यात द्या, बीटच्या पोलिसाचा नंबर त्यांच्या फोनवर सेव्ह करून द्या, आणि संघातच दोन-दोनची जोडी लावा, सकाळी एकाने दुसऱ्याला एक मिस्ड कॉल. आला नाही तर दार वाजवायचं. याला एक पैसा लागत नाही.

शेवटचं, चार्ज. आमच्या वयात कार्यवाह कधीही आजारी पडू शकतो, मुलाकडे परदेशात जाऊ शकतो, आणि मग सगळा संघ त्याच्या कपाटात अडकतो. म्हणून जावक रजिस्टर, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, ऑडिटच्या फाईली, ईमेलचा पासवर्ड, ॲपमधली लॉगिनं हे सगळं कुठे आहे त्याचा एक कागद अध्यक्षांकडे आणि एक खजिनदाराकडे असू द्या, प्रत्येक चालू केसला एक जोडीदार नेमा जो तारखांना बरोबर जातो, आणि नवा कार्यवाह निवडून आला की त्याच आठवड्यात त्याला घेऊन तहसील, प्रांत ऑफिस, वॉर्ड ऑफिस आणि पोलीस ठाणं असं एकदा फिरून या, टेबलावरच्या माणसांशी ओळख करून द्या, आणि बदल अर्जाचे ९० दिवस कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर लिहा.